पडद्यावरची विमानाची लढाई

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विटीदांडू येतो, आट्यापाट्या येतात, नाहीतर शाळेच्या मैदानावरची कबड्डी येते. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे त्यात धावावे लागत नाही आणि गुडघाही फुटत नाही. टीव्हीसमोर सतरंजीवर बसायचे, वीतभर लांबीची बटणांची पट्टी दोन्ही हातांत धरायची, आणि पडद्याच्या तळाशी असलेले एक इवलेसे विमान डावी-उजवीकडे सरकवीत वरून उतरणाऱ्या किड्यांवर गोळ्या झाडायच्या. एवढाच तो खेळ. आकाश काळे, त्यात चांदण्या लुकलुकणाऱ्या, आणि किडे मात्र रंगीबेरंगी. तीन विमाने मिळतात. नवख्या माणसाची तिन्ही दोन-तीन मिनिटांत खलास होतात.

साधारण १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत हा खेळ आपल्या वर्धा जिल्ह्यात, घरोघरी नाही म्हणता येणार, पण गावोगावी येऊन पोचला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या घरापुढे लहान मुलांच्या चपलांचा ढीग दिसे, तिथे टीव्ही आणि व्हिडिओ गेम दोन्ही आहेत असे खुशाल समजावे. तुमच्यापैकी जे आज चाळिशीच्या आसपास आहेत त्यांच्या अंगठ्यांना ती बटणे अजून आठवत असतील. मुले त्याला 'माशीवाला गेम' म्हणत. त्याचे खरे नाव 'गॅलागा'. जपानच्या नामको कंपनीने तो १९८१ साली काढला. आधी तो पैसे टाकून खेळण्याच्या मोठ्या पेटीत होता, १९८५ मध्ये घरच्या यंत्रासाठी आला.

मी त्या काळी सेलू तालुक्यातल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत होतो. या खेळाशी माझी ओळख झाली ती भांडणातून. १९९७ साली सहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात मला एक पिवळी 'कॅसेट' सापडली. गाण्याची कॅसेट नव्हे. या खेळाच्या यंत्रात वरून खोचतात ती, पोरे तिला कॅसेटच म्हणत. त्याच आठवड्यात शेकडेवारीच्या दहा उदाहरणांपैकी या गड्याची दोन बरोबर आली होती. मी कॅसेट जप्त करून कपाटात टाकली आणि वडिलांना बोलावून सांगितले, की पोराच्या डोक्यात किडे शिरले आहेत. वडील बिचारे कपाशीच्या निंदणातून उठून आले होते. म्हणाले, "तुमीच ठेवा जी ते, घरी नोका देऊ."

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण आली. सातवीत होती. म्हणाली, "सर, कॅसेट नका देऊ, पण टक्का त्याले येते जी. गेममधला येते. पुस्तकातला नाही येत."

शिक्षक मित्रहो, गणिताच्या मास्तरला याहून झोंबणारे वाक्य कोणी ऐकवू शकेल असे मला वाटत नाही. रविवारी मी कॅसेट खिशात घालून त्यांच्या घरी गेलो.

आधी ते यंत्र काय आहे ते सांगतो, कारण ते खेळणे आहे असे समजून मी निम्मा वेळ फसलो होतो. निन्टेंडो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये घरगुती खेळाचे एक यंत्र विकायला काढले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले आणि कंपनीने त्याचे नाव ठेवले 'फॅमिली कॉम्प्युटर'. आपल्या गावांत जी यंत्रे आली ती बहुतेक त्याची नक्कल होती. नक्कल असो की अस्सल, आत होता तो संगणकच. आमच्या शाळेला तेव्हा संगणक नव्हता. त्यासाठी अर्ज करायचे असे आमच्या बैठकीत दोनदा ठरले होते. आणि इकडे गावात संगणक केव्हाच येऊन ओसरीवर बसला होता, पण त्याला गाव गेम म्हणत असल्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही.

या यंत्राची एक वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची आणि टीव्हीचे चॅनल जुळवत बसायचे. मुंग्यांचा खळखळाट चालू असताना एकदम चित्र उमटे. म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने ते खेळणे हेच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र होते. नागपूरहून येणारे चित्र टीव्हीने दाखवावे, तसेच त्याने या डबीतून येणारे दाखवायचे. त्याला फरक कळत नसे.

आता ते चित्र हलते कसे? सिनेमाची चित्रे आधी काढून ठेवलेली असतात, ती नुसती भराभर दाखवायची. इथे तसे काही आधी तयार नसते. तेव्हाच्या पेटीसारख्या टीव्हीत काचेच्या मागून एक सूक्ष्म झोत येई आणि डावीकडून उजवीकडे रेघ ओढी. झटकन परत डावीकडे येऊन खालची रेघ ओढी. अशा रेघा ओढत तो पडद्याच्या तळाशी पोचे आणि पुन्हा वर जाई. हे आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला ५० वेळा. औत धरणाऱ्याला हे चटकन समजेल. तास घालताना बैल चालू असतात तोवर मान वर करता येत नाही. धुऱ्यावर वळण आले की तेवढ्यात घोटभर पाणी पिऊन घ्यायचे, जू नीट करायचे. झोत तळाशी पोचून पुन्हा वर जातो ते या यंत्राचे धुऱ्यावरचे वळण. चित्रात जे काही बदलायचे ते तेवढ्यात बदलून टाकायचे. विमान दोन ठिपके डावीकडे, गोळी चार ठिपके वर, माशी थोडी तिरपी. झोत पुन्हा उतरू लागला की नवे चित्र दिसते. सेकंदात ५० वेळा असे झाले की आपल्या डोळ्याला विमान सरकल्याचा भास होतो.

आणि बटणे? पट्टीवर एकूण आठ. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे, उजवीकडे गोळी झाडायची दोन, मध्ये निवडायचे एक आणि सुरू करायचे एक. आपल्याला वाटते आपण बटण दाबले की विमानाला धक्का बसतो. तसे नसते. यंत्रच प्रत्येक फेरीत या आठ बटणांना एकामागून एक विचारते: तू दाबलेले आहेस का? तू? आणि तू? हजेरी घ्यावी तसे. उत्तर फक्त हो किंवा नाही. 'डावे' बटण हो म्हणाले तर विमानाच्या आकड्यातून थोडे वजा करायचे, 'उजवे' हो म्हणाले तर तेवढे मिळवायचे.

विमानाचा आकडा म्हणजे काय, हेही सांगायला हवे. चौफुलीवर लावलेले कपाशीचे शेत घ्या. तुम्ही गड्याला सांगता, सातव्या तासातले बाराव्या नंबरचे झाड वाळले आहे, आणि तो नेमका तिथे जातो. पडदाही तसाच: आडवी २५६ आणि उभी २४० ठिपक्यांची चौफुली. त्यात प्रत्येक माशीचे, प्रत्येक गोळीचे ठिकाण दोन आकड्यांत लिहिलेले. माशीचे चित्र म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या रांगोळ्या जोडून केलेली आकृती. गोळी माशीला 'लागली' हे यंत्राला कसे कळते? त्याला दिसत तर काहीच नाही. ते दोघांच्या आकड्यांची वजाबाकी करते. आडव्या आकड्यांतला फरक ठरल्यापेक्षा कमी, उभ्यांतलाही कमी, म्हणजे टक्कर झाली. मग माशीचे चित्र काढून तिथे स्फोटाचे ठेवायचे, ढुस्स असा आवाज करायचा आणि गुण वाढवायचे. पोरे ज्याच्यासाठी श्वास रोखून बसतात ती सगळी लढाई म्हणजे वजाबाकी आहे, आणि तीही आपल्या तिसरीच्या मुलाला येईल अशी.

एवढ्या कामाला यंत्राजवळ सामान किती? कामापुरते आकडे टिपून ठेवायला २०४८ खाने, आणि एका खान्यात ० ते २५५ पैकी एकच आकडा मावतो. बस्स. त्याच्या मेंदूचे ठोके सेकंदाला सतरा लाखांच्या वर पडतात खरे, पण त्यांना ५० फेऱ्यांत वाटले की एका फेरीच्या वाट्याला तीस-पस्तीस हजारच येतात. एका आडव्या रेघेत सुटी हलणारी चिमुकली चित्रे आठपेक्षा जास्त दाखवता येत नाहीत. नववे आले की ते गायब. म्हणून खेळ रचणारे काय करीत, या फेरीत एकाला लपवीत, पुढच्या फेरीत दुसऱ्याला. गर्दी झाली की किडे लुकलुकताना दिसत ते यामुळे. माझी समजूत होती की टीव्हीच खराब आहे. आणि आख्खा 'गॅलागा' कॅसेटमध्ये चाळीस किलोबाइटच्या आत मावत असे. तुम्ही वाचता आहात ते हे भाषण देवनागरीत संगणकावर उतरवले तर जवळजवळ तेवढीच जागा घेते. शब्द मोजून वापरावेत हे मला ते कळल्यावर पटले, जमले नाही ती गोष्ट वेगळी.

याच्या थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अंतराळातली लढाई पडद्यावर आणण्याचा खटाटोप तसा जुना. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ कपाटाएवढ्या संगणकावर रचला होता. पण हा प्रकार लोकांपर्यंत नेला तो १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकाडो यांनी, 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाने. त्यात अकरा-अकरांच्या पाच रांगा, म्हणजे ५५ शत्रू, कवायत करीत खाली सरकतात. यंत्र बेताचे असल्यामुळे एका फेरीत ते एकाच शत्रूला हलवू शके, आणि सेकंदाला फेऱ्या ६०. म्हणजे ५५ जणांचे एकेक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागे. निम्मे मेले की अर्धा सेकंद. एकटा उरला की तो दर फेरीला पाऊल टाकी, म्हणजे पळतच सुटे. खेळणाऱ्याला वाटे की शत्रू चवताळला आहे. चवताळला वगैरे काही नाही, यंत्राचे ओझे हलके झाले एवढेच. पण निशिकाडोंनी ते तसेच राहू दिले आणि खेळाची सगळी गंमत त्यात आली. व्यस्त प्रमाण शिकवताना मजूर आणि दिवस, मजूर आणि दिवस असे आपण वर्षानुवर्षे घोकतो. शत्रूंची संख्या आणि त्यांचा वेग हे उदाहरण वर्गात घालून पाहा. मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करील.

आता मी रविवारी गेलो त्या घरी परत जाऊ.

कॅसेट यंत्रात घातली तर पडदा नुसता करडा. मुलाने ती काढून फुंकर मारली, पुन्हा घातली, चित्र आले. सगळीच मुले अशी फुंकर मारीत. खरे म्हणजे फुंकरीने काही होत नाही. काढून पुन्हा खोचल्याने आतल्या धातूच्या पट्ट्यांचा स्पर्श नीट जुळतो, त्याने काम होते. उलट फुंकरीतल्या ओलीने पट्ट्या काळवंडतात. हे मी सांगितले ते दोघा भावंडांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढच्या वेळी पुन्हा फुंकर मारली. कॅसेटवर लिहिले होते 'आत ९९९९ खेळ'. यादी उघडली तर पहिल्या काही खेळांनंतर तेच खेळ नव्या नावांनी पुन्हा पुन्हा. ग्राहकाला आकड्यांनी कसे फसवतात, याचा धडा मला तिथे फुकट मिळाला.

मी खेळायला बसलो. किडे वेटोळे घेत आले आणि वर रांगा धरून उभे राहिले. सर्वांत वर चार मोठे, त्यांच्या खाली आठ-आठांच्या दोन रांगांत सोळा फुलपाखरे, त्यांच्या खाली दहा-दहांच्या दोन रांगांत वीस माशा. एकूण ४०. मी गोळीचे बटण दाबत सुटलो. त्या पट्टीवर एक 'टर्बो' बटणही होते, ते दाबून धरले की गोळ्या आपोआप भराभर सुटाव्यात अशी सोय. मी तेही दाबले. तरी गोळ्या काही सुटेनात! माझी तीन विमाने गेली आणि पडद्यावर हिशेब उमटला: झाडलेल्या गोळ्या ९७, लागलेल्या २९. तिसरी ओळ वाचण्याआधीच तो मुलगा म्हणाला, "तीसच्या थोडे आत राह्यले सर." तिसऱ्या ओळीत होते २९.९ टक्के.

"तुले कसं कळलं रे?"

"शंभराले तीनच कमी हायेत ना जी. मंग एकोणतीसचे तीसच्या जवळ जाईन."

श्रोतेहो, हाच मुलगा. 'एका गावात ९७ मतदारांपैकी २९ जणांनी मतदान केले, तर शेकडा प्रमाण काढा' हे उदाहरण घातले असते तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले असते.

गोळ्या का सुटत नव्हत्या ते मात्र बहिणीने सांगितले. "सर, तुमी नुसते बटन दाबून राह्यले. दोनच गोळ्या असतेत जी. त्या वर जाईपर्यंत तिसरी सुटत नाही."

ही त्या खेळाची सगळी किल्ली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एका वेळी पडद्यावर तुमच्या दोनच गोळ्या असू शकतात. गोळी माशीला लागली की ती संपते आणि दुसरी झाडायला तुम्ही मोकळे होता. चुकली तर ती पार वरच्या कडेपर्यंत जाते, आणि तोवर तुमचा हात बांधलेला. म्हणजे चुकीची शिक्षा वेगळी द्यावी लागत नाही. चुकीला वेळ लागतो, हीच शिक्षा. जवळ आलेल्या माशीवर झाडलेली गोळी लवकर मोकळी होते, दूरचीवर झाडलेली उशिरा. बोट कितीही भराभर चालवा, टर्बो दाबा, काही फरक पडत नाही. उलट जो मोजून झाडतो त्याच्या गोळ्या जास्त सुटतात. मी गोंधळलो तो इथे. मला वाटले होते हा बोटांच्या चपळाईचा खेळ आहे.

बहिणीजवळ एक शंभरपानी वही होती. कशासाठी? तर यंत्र बंद केले, किंवा आपल्याकडे म्हणतात तशी लाईन गेली, की मिळवलेले गुण पुसले जात. त्या २०४८ खान्यांतले आकडे वीज असेपर्यंतच राहतात. लाईन तर दिवसातून चारदा जायची. मग भाऊ-भाऊ, शेजारी-शेजारी भांडत, की माझे जास्त झाले होते. ते भांडण मिटवायला ही पोरगी प्रत्येकाचा हिशेब लिहून ठेवी: तारीख, नाव, झाडलेल्या, लागलेल्या, टक्के, एकूण गुण. उन्हाळाभराची नोंद होती ती. माझ्या वर्गाच्या हजेरीपत्रकात एवढी नेटकी खाडाखोड नसलेली पाने नव्हती.

वहीच्या मागच्या पानावर तिने गुणांचा तक्ता केला होता. रांगेत उभी असलेली माशी मारली तर ५०, झेपावत असताना मारली तर १००. फुलपाखरू ८०, झेपेत १६०. वरच्या चार मोठ्यांना दोन गोळ्या लागतात. पहिली लागली की त्यांचा रंग बदलतो. मोठा रांगेतच मेला तर १५० गुण. एकटा झेपावताना मेला तर ४००, एक फुलपाखरू सोबत घेऊन उतरला तर ८००, दोन घेऊन उतरला तर १६००. प्रत्येक वेळी दुप्पट. खाली तिने लिहिले होते: 'आधी एक मारून ठेवणे. मग थांबणे.' म्हणजे मोठा वर रांगेत स्थिर असताना त्याला पहिली गोळी मारून रंग बदलून ठेवायचा आणि सोडून द्यायचे. पुढे तो दोन सोबती घेऊन उतरला, की एकाच गोळीत काम होते आणि गुण १६००. १५० च्या जागी १६००! हे तिला कोणी सांगितले नव्हते. माहितीचे पुस्तक इंग्रजीत होते, नव्हे, नव्हतेच. कॅसेटबरोबर पुस्तक कोण देतो? तिने नुसते पाहून काढले होते.

आणखी एक डाव तिने मला समजावला. मोठ्यांपैकी एक खाली येऊन निळ्या झोताचा पंखा सोडतो आणि तुमचे विमान ओढून नेतो. घाबरू नये. दुसरे विमान शिल्लक असेल, तर तो मोठा पुन्हा झेपावेल तेव्हा नेम धरून त्यालाच मारायचे. कैद झालेले विमान सुटून येते आणि तुमच्या विमानाला चिकटून उभे राहते. आता जोडविमान, गोळ्या दुप्पट. पण रुंदीही दुप्पट, म्हणजे शत्रूची गोळी लागण्याची जागाही दुप्पट. ही जोखीम घ्यावी की नाही, यावर ओसरीवर कायम दोन तट असत. माझे मत विचाराल तर तिसऱ्या फेरीच्या आधी घ्यावी, कारण तिसऱ्या फेरीत शत्रू गोळ्या झाडतच नाहीत. ४० जण ठरलेल्या वाटांनी येतात नि निघून जातात. सगळे टिपले तर १०,००० जादा. तिथे जोडविमानाची रुंदी उपयोगालाच येते. बघा, मीही त्या तटांत सामील झालो होतो.

आमच्या शाळेत एक जुने गुरुजी होते. वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरात जी शिक्षण परिषद भरली आणि जिच्यातून नयी तालीम निघाली, तिच्या मुशीत घडलेल्या शिक्षकांच्या हाताखाली ते शिकलेले. रोज टकळी चालवीत. मी त्यांना हा सगळा वृत्तान्त उत्साहाने ऐकवला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हाताला काम मिळाले म्हणता, मग तासाभराने हाती काय उरले? टकळीवर तासाभराने सूत तरी उरते." मी म्हणालो, वहीतले आकडे उरतात. ते म्हणाले, "ते त्या पोरीने उरवले. यंत्राने पुसूनच टाकले होते." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात, तिथल्या मुलांनी सुट्टीभर गोळ्या झाडीत बसावे? पुढे माझ्या वाचनात आले, की 'स्पेस इन्व्हेडर्स' रचताना हाच प्रश्न जपानातही उपस्थित झाला होता. पडद्यावर माणसे दाखवून त्यांच्यावर गोळ्या झाडायला लावणे बरे नव्हे, असे ठरून निशिकाडोंनी शत्रूंना अष्टपाद, खेकडा अशा जलचरांची रूपे दिली. नंतरच्या माशा आणि फुलपाखरे त्याच वाटेने आली. गुरुजींना मी हे कळवले. म्हणाले, "त्यांनी विचार केला हे चांगलेच. पण माशीवर झाडली काय नि माणसावर झाडली काय, बोट तेच शिकते." मला ते पूर्ण पटत नाही. या खेळात बोट जे शिकते ते मुख्यतः न झाडणे आहे, असे मी त्यांना म्हणालो. ते हसले. आमचा वाद ते निवृत्त होईपर्यंत चालू होता.

एक मात्र मी आज, हातोहाती मोबाइल पाहिल्यावर, त्या जुन्या खेळाच्या बाजूने सांगतो. तो संपत असे. तीन विमाने गेली की पट्टी दुसऱ्याच्या हातात. ओसरीवर दहा मुले असली की तुमचा नंबर पुन्हा यायला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्याचा खेळ पाहत असता. आजचे मोबाइलवरचे पुष्कळ खेळ संपू नयेत म्हणूनच रचलेले असतात. मूल एकटे, पडदा एकट्याचा, आणि नंबर लावणारे कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या अनावर सवयीला जागा दिली आहे, ती उगीच नाही. घरात नियम घालायचा झाला तर घड्याळाचा घालण्यापेक्षा डावांचा घालावा, असा माझा अनुभव. 'अर्धा तास' म्हटले की मूल घड्याळाशी भांडते. 'तीन डाव' म्हटले की ते स्वतःशी भांडते, आणि डाव जपून खेळते.

ती वही मी सोमवारी वर्गात नेली, अर्थात मालकिणीला विचारून. शेकडेवारीचा धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, सगळी उदाहरणे त्या वहीतली. गोळ्या किती, लागल्या किती, कोणाचा नेम चांगला? १२० पैकी ६० लावणारा की ८० पैकी ४४ लावणारा? पहिल्याच्या लागलेल्या जास्त, पण टक्के ५०, दुसऱ्याचे ५५. 'जास्त' आणि 'जास्त प्रमाणात' यांतला भेद मी बारा वर्षे समजावीत होतो. त्या दिवशी वर्गाने तो आपसात भांडून समजावून घेतला, मी फळ्याशी नुसता उभा.

वही चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नावांच्या रकान्यात अकरा नावे होती आणि अकराही मुलांची. पुढच्या रविवारी मी त्या घरी कॅसेट परत करायला गेलो, तेव्हा मुलाला विचारले, "हिचा नंबर केव्हा लागतो?" तो गोंधळून म्हणाला, "ते लिहिते ना जी."

मी पट्टी तिच्या हातात दिली. तिला सगळे ठाऊक होते, कोणती माशी कुठून वळणार हेसुद्धा; पण अंगठा ऐकेना. डावीकडे जायचे तर विमान पार कडेला जाऊन आदळे. टकळीवर पहिल्या दिवशी सूत तुटते तसेच. पहिले विमान गेले, दुसरे गेले. तिसऱ्याला ती एका जागी थांबली, वरचा एक मोठा रंग बदलून उभा होता, तो दोन सोबती घेऊन खाली यायला लागला, आणि तिने तो जवळ येऊ दिला. पडद्यावर १६०० उमटले तेव्हा ओसरीवरची पोरे ओरडली.

तिच्या डावाची नोंद त्या दिवशी भावाने केली. अक्षर गचाळ होते. झाडलेल्या ६४, लागलेल्या ३१. टक्क्यांचा रकाना त्याने मोकळा सोडला होता. दुसऱ्या दिवशी ते उदाहरण मी फळ्यावर घातले.